खिशात मावेल असा फोन

आमच्या ऑफिसात मामा म्हणजे एकच. लिफ्टदुरुस्तीच्या कामात चौतीस वर्षं काढलेला, काडीसारखा बारीक, साठीला टेकलेला माणूस. कंपनीचे मालकसुद्धा त्यांना मामाच म्हणायचे, आणि मालक त्यांच्यापेक्षा चार वर्षांनी मोठे होते. मी तिथे तक्रारी घेणारी. कुठे लिफ्ट अडकली की लोक आधी माझ्यावर ओरडतात, मग मी मामांना फोन लावते. त्यामुळे मामांच्या फोनचं काही बिनसलं तर ती त्यांच्या एकट्याची अडचण नसायची, माझीही असायची.

फोन सहा वर्षांचा होता. छोटा, तळहाताएवढा. त्यांच्या बायकोने तो त्यांच्या कामाच्या शर्टाचा खिसा मापून घेतला होता. मामांचं काम शाफ्टमध्ये, म्हणजे लिफ्ट ज्या उभ्या बोगद्यातून खालीवर जाते त्यात. एक हात शिडीला, दुसऱ्या हातात बॅटरी. तिथून फोन निसटला तर तो सात-आठ मजले खाली जातो, आणि खाली कुणी काम करत असेल तर त्याच्या डोक्यातच. म्हणून मामांचा नियम होता की फोन खिशात गेला की वरच्या पट्टीचं बटण लागलंच पाहिजे. शिवाय एकदा लिफ्टच्या दारात सापडून उजव्या अंगठ्याचं पेर आखडलेलं. मोठ्या फोनवर तो अंगठा अर्ध्या रस्त्यातच थांबायचा.

एका सकाळी ते माझ्या टेबलाशी आले आणि फोन पुढे केला. "हे काय म्हणतंय बघ गं जरा."

पडद्यावर लिहिलं होतं की ज्या अ‍ॅपवरून मामा लेकीशी बोलायचे ते अ‍ॅप चार महिन्यांनी या फोनवर चालणार नाही. फोन जुना झाला, त्याला आता नवे अपडेट मिळत नाहीत, वगैरे.

"नवा घ्यावा लागणार, मामा."

"हा चांगला चालतोय की."

"चालतोय, पण लेकीचा फोन येणार नाही त्यावर."

 मी सहज म्हणून गेले, "लेकीलाच विचारा ना कुठला घ्यायचा ते. तिकडे राहते, तिला कळत असेल."

"बघू," म्हणाले, आणि फोन खिशात टाकून बटण लावलं.

त्या "बघू"मध्ये काय होतं ते मला पुढे हळूहळू कळलं. मामांची बायको शाळेच्या वाचनालयात होती. बोलकी, याद्या करणारी, घरातलं सगळं हातात ठेवणारी. मुलगी एकुलती एक. शिकली, परदेशात पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली. तिचा फोन आला आणि चुकून मामांनी उचलला तर ते एवढंच म्हणायचे, "थांब, आईला देतो." मग शेजारी बसून दोघींचं बोलणं तासभर ऐकायचे. लेकीवर जीव होता, पण तो जीव बायकोमार्फत पोचता व्हायचा. दोन वर्षांपूर्वी बायको गेली. मुलगी बारा दिवस येऊन राहिली, आईची कपाटं आवरली, आणि परत गेली. त्यानंतर दर रविवारी सकाळी फोन यायचा. बरे आहात ना, हो, तू बरी आहेस ना, हो, जेवता ना वेळेवर, हो हो. चार मिनिटांत सगळं संपायचं. ठेवायची घाई दोघांनाही नसायची, पण पुढे काय बोलायचं ते दोघांनाही सुचायचं नाही.

त्या रविवारी मात्र "तू बरी आहेस ना" झाल्यावर मामा म्हणाले, "मला एक फोन घ्यायचाय."

"घ्या की. कसला हवाय?"

"खिशात मावेल असा."

मुलगी हसली म्हणे. मग तिने एकामागून एक प्रश्न विचारले. खिसा केवढा? अंगठा कुठपर्यंत पोचतो? काम करताना हातमोजे असतात का? आणि शेवटी, "बाबा, तुम्हाला तो किती वर्षं वापरायचाय?"

"म्हणजे? बंद पडेपर्यंत."

"तसं नसतं हो आता. फोन बंद पडत नाही, कंपनी त्याच्याकडे बघणं सोडते. अपडेट देत नाही. मग एकेक अ‍ॅप पाठ फिरवतं."

"म्हणजे मेंटेनन्सचं कॉन्ट्रॅक्ट संपलं."

"अगदी तेच!"

"आमच्याकडे पण तसंच," मामा म्हणाले. "कॉन्ट्रॅक्ट संपलेली लिफ्ट वर जाते, खाली येते, काही होत नाही. पण तिच्यात काय बिघडतंय ते बघायला कुणी जात नाही. मग एक दिवस मधेच उभी राहते."

असं काही ते तिच्याशी आयुष्यात पहिल्यांदा बोलले होते. मुलीने सांगितलं की काही कंपन्या तीनच वर्षं अपडेट देतात, काही सात वर्षांचा शब्द देतात. आणि वर्षं मोजायची ती फोन बाजारात आला त्या दिवसापासून, आपण घेतला त्या दिवसापासून नाही. मामांनी हे सगळं वहीत उतरवून घेतलं. फोन ठेवला तेव्हा त्यांनी घड्याळ बघितलं. चाळीस मिनिटं झाली होती.

पुढच्या आठवड्यात ऑफिसात करमणूक सुरू झाली. मुलीने चार फोनांची मापं पाठवली होती, आणि मामांनी पुठ्ठ्याचे तसेच्या तसे तुकडे कापले होते. जाडीसाठी पुठ्ठ्यावर पुठ्ठा चिकटवून व्हर्नियरच्या मोजपट्टीने माप घेतलेलं. जेवणाच्या सुट्टीत मामा पुठ्ठा खिशात घालून, बटण लावून, भिंतीला टेकवलेल्या शिडीवर चढायचे आणि उतरायचे. कुणीतरी विचारलं, "मामा, रेंज येतेय का पुठ्ठ्याला?" मामांनी पुठ्ठा कानाला लावला आणि म्हणाले, "तुझ्या बायकोचा फोन आहे, घरी बोलावतेय." सगळं ऑफिस हसलं. बायको गेल्यापासून मामांनी केलेला तो पहिला विनोद असावा.

चारातले दोन उरले. मामांनी त्यांना नावं दिली, धाकटा आणि थोरला. धाकटा खिशात अलगद बसायचा, बटण सहज लागायचं, पण त्याला अपडेट तीनच वर्षं. थोरला सात वर्षांचा, पण बोटभर उंच, आणि पट्टी बटणापर्यंत पोचायची नाही. शहरभर फोनच्या दुकानांत ताटाएवढे फोन मांडलेले, आणि हे दोन कुठेतरी खालच्या फळीवर. एका दुकानातल्या चष्मेवाल्या बाई मामांना ओळखायला लागल्या होत्या. दर दोन दिवसांनी येऊन फोन हातात धरून अंगठा फिरवून बघणारं आणि काहीही न घेता जाणारं गिऱ्हाईक.

मामांचं मन धाकट्याकडे होतं. मला वाटलं, खिशासाठी. खरं कारण वेगळं होतं. आजारपणात मुलीने आईला सांगितलं होतं, "आणखी तीन वर्षं, मग मी कायमची परत येते." मामा तेव्हा औषधाची बाटली हातात घेऊन दारात उभे होते. त्यांनी ते ऐकलं होतं आणि त्यावर मुलीला कधी काही विचारलं नव्हतं. त्यातलं एक वर्ष उरलं होतं. ती आली की फोन हवाय कशाला? तीन वर्षं म्हणजे डोक्यावरून पाणी.

तिसऱ्या रविवारी बोलणं धाकट्या-थोरल्यावरून सुरू झालं आणि मधेच मुलगी थांबली.

"बाबा, एक सांगायचं होतं."

"सांग की."

"मला इथे कायम केलंय. विभाग माझ्याकडे दिलाय. म्हणजे, मोठी गोष्ट आहे तशी." मग थोडं थांबून, "मी इथेच राहीन असं वाटतंय आता."

मामा खुर्चीत बसले होते. समोर टेबलावर दोन पुठ्ठे होते.

"छान झालं," ते म्हणाले. "छान झालं गं. आईला फार आनंद झाला असता."

"तुम्हाला?"

"मला पण. झालाच ना." आणि जरा वेळाने म्हणाले, "मग थोरला बरा पडेल, नाही का?"

"हो, मी पण तेच म्हणणार होते!" मुलगी सुटल्यासारखी बोलायला लागली. "सात वर्षं कटकट नाही. फक्त त्या बटणाचं काहीतरी बघा."

सोमवारी मामा अर्धा दिवस रजा टाकून चष्मेवाल्या बाईंच्या दुकानात गेले. बाई म्हणाल्या, "बरं झालं आलात. याचा एकच पीस राहिलाय. परत येईल असं वाटत नाही, छोटे फोन लोक घेत नाहीत हल्ली." मामांनी तो घेतला, बिल खोक्यात ठेवलं, आणि खोकं घरी आणून कपाटाच्या खणात ठेवलं. रविवारी मुलीला सांगून मगच उघडायचं असं ठरवलं होतं.

पण रविवारी फोन लागताच मुलगीच आधी बोलायला लागली. "बाबा, ऐका, मला आणखी एक मिळालाय! थोरल्यापेक्षा उंचीने कमी आहे, पाच वर्षांचे अपडेट आहेत. जेवणाच्या सुट्टीत बसून शोधला. तुमच्या बटणाचं कोडं सुटतंय बघा." तिचा आवाज लहानपणी शाळेतून आल्यावर असायचा तसा. मामांना एवढंच म्हणायचं होतं की घेतला गं मी. तोंड उघडलं, आणि बाहेर आलं ते भलतंच.

"पाच? दोन वर्षांचा फरक पडतो की. आणि बटणं कुठल्या बाजूला आहेत त्याची?"

"थांबा, बघते."

तिथून पुढे तीन महिने तो खेळ चालला. ती शोधायची, हे खोड काढायचे. याची बटणं डाव्या बाजूला, शिडीवर दाबली जातील. त्याची पाठ गुळगुळीत, हातातून सटकेल. ती नव्या उमेदीने पुन्हा शोधायची. आणि त्या निमित्ताने गप्पांना पाय फुटायचे. ती दुपारचं जेवण प्रयोगशाळेच्या मागच्या जिन्यावर बसून एकटीच जेवते, कारण तिथे ऊन येतं, हे मामांना कळलं. तिचा डावा खांदा दुखतो. तिने खिडकीत चार कुंड्या लावल्यात आणि त्यातली एक दर हिवाळ्यात मरते. आणि तिला कळलं की बाबा अजून दोघांचा चहा टाकतात आणि उरलेला दहाच्या सुमाराला गार पितात. "फेकून का देत नाही?" तिने विचारलं. "टाकतानाच लक्षात येत नाही," मामा म्हणाले. त्यानंतरही फोन बराच वेळ कुणी ठेवला नाही.

मला यातलं तेव्हा काही ठाऊक नव्हतं. एकदा मामा माझ्याकडे येऊन हळूच म्हणाले, "फोनमध्ये आणखी काय काय वाईट असू शकतं गं?"

"का हो?"

"असंच. माहिती असावी."

मी आपली सांगत गेले. तापतो, आवाज बारीक असतो, कॅमेऱ्याचं टेंगूळ खिशाला अडकतं. मामांनी वहीत लिहून घेतलं. मला वाटलं, किती चिकित्सक माणूस! महिनाभरात अ‍ॅप बंद पडेल आणि यांचं घोडं अजून टेंगळापाशीच अडलंय.

शेवटी तो दिवस आलाच. जुन्या फोनवरचं अ‍ॅप उघडेना. मामांनी खणातून खोकं काढलं. नवा फोन सुरू झाल्याबरोबर तीन महिन्यांचे अपडेट मागायला लागला आणि ते सगळं उतरेपर्यंत दुपार झाली. मग त्यांनी मुलीला फोन लावला. ती खूश झाली. "घेतलात ना एकदाचा! थोरलाच घेतलात? बरं केलंत. मला त्याच्या बिलाचा फोटो पाठवा, वॉरंटीचे कागद मी इथे नीट लावून ठेवते." आईसारखीच ती, सगळं फायलीत. मामांनी खोक्यातून बिल काढलं, फोटो घेतला, पाठवला. पहिला फोटो नीट आला याच आनंदात ते होते.

बुधवारी सकाळी मामा माझ्या टेबलाशी कामाच्या कागदांवर सह्या करत होते. फोन वाजला. बुधवारी तिचा फोन कधी यायचा नाही. मामांनी घाबरून उचलला आणि नव्या फोनवर काय दाबलं कुणास ठाऊक, आवाज मोठ्याने बाहेर आला.

"बाबा, बिलावर ही तारीख काय आहे?"

मामांचं पेन सहीच्या मधेच थांबलं.

"तीन महिन्यांपूर्वीची आहे. मी आधी म्हटलं, दुकानवाल्याची चूक असेल. मग माझ्या वहीत बघितलं. रविवारी मी तुम्हाला सांगितलं, आणि हा सोमवार आहे. लगेच दुसऱ्या दिवशीचा."

मी उठून जायला लागले. मामा आवाज कमी करायचं बटण शोधत होते आणि ते त्यांना सापडत नव्हतं. मला हातानेच थांब म्हणाले, म्हणजे हे बंद करून दे. मी फोन हातात घेतला, पण तेवढ्यात तिकडून आवाज आला.

"तीन महिने तू माझ्याकडून फोन शोधून घेत होतास?"

मामांची मान वर झाली. तिने त्यांना कधी अरे-तुरे केलं नव्हतं. 'तू' म्हणायची ती फक्त आईला.

"तू रागावलीस का?"

"मला सांग, का?"

"तू शोधत होतीस ना," मामा म्हणाले. "बरं वाटत होतं."

"मग मी इथे राहणार म्हटलं तेव्हा काही बोलला का नाहीस? मी वाट बघत होते. तू छान झालं म्हणालास आणि फोनवर गेलास. मला वाटलं, तुला काहीच..." 

"काय बोलणार होतो? तू आनंदात होतीस." मामांनी सहीचं पेन टेबलावर ठेवलं. "आणि ये म्हणालो असतो, तर तू आली असतीस."

पलीकडे रडण्याचा आवाज आला. मी फोन मामांच्या हातात दिला आणि बाहेर जाऊन उभी राहिले. त्या वीस मिनिटांत लिफ्टच्या तक्रारींचे तीन फोन वाजले. एकही मी उचलला नाही. नोकरीत असं मी एकदाच केलं.

शिंप्याने खिशाची पट्टी वाढवून दिली. थोरला खिशात बसला, बटण लागलं. आता फोन निवडून झाला होता आणि बोलायला विषय राहिला नव्हता. पहिले दोन रविवार फार अवघड गेले, मामाच सांगत होते. तिसऱ्या रविवारी मुलगी म्हणाली, "बाबा, आमच्या बिल्डिंगची लिफ्ट आठव्या मजल्यावर विचित्र आवाज करते. तू ऐकशील का?" मामांनी ऐकलं, तेल कुठे द्यायला सांगायचं ते सांगितलं, आणि तिथल्या मेकॅनिकला चार शिव्याही दिल्या.

ती परत आलेली नाही. मधे एकदा पंधरा दिवसांसाठी आली होती. मामा तिला विमानतळावर आणायला गेले, आणि पंधराव्या दिवशी सोडायला गेले. "तू ये ना तिकडे," ती म्हणते. मामा "बघू" म्हणतात. निवृत्त झाल्यावर जातील असं आम्हा सगळ्यांना वाटलं होतं. मामा निवृत्त झाले आणि गेले नाहीत. आता त्या घरात बायकोची कपाटं आहेत, ती रिकामी असली तरी.

मागच्या रविवारी माझी ड्यूटी होती. मामा पेन्शनच्या कागदासाठी आले आणि चहा घेत बसले. तेवढ्यात फोन आला. तिकडे संध्याकाळ होती, ती बाजारातून घरी येत होती. दोघांचं काहीबाही बोलणं चाललं होतं. मग मामा मला म्हणाले, "आता लिफ्टमध्ये शिरतेय. आत रेंज जाते." आवाज तुटला. मामांनी फोन कानालाच धरून ठेवला होता आणि ओठातल्या ओठात मजले मोजत होते. पाच. सहा. सात. आठला त्यांनी जरा भुवई वर केली. ती अकराव्या मजल्यावर राहते. अकरा म्हणून झालं, फोन गप्पच होता. मामांनी बारा म्हटलं, तेरा म्हटलं. चहावर साय धरली होती.

"बाबा? ऐकू येतंय का?"

"येतंय," मामा म्हणाले. "बोल."